दीड पान

छापखान्यात तिला चाळणी म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण कौतुकाने ठेवलं होतं एवढं नक्की. एकतीस वर्षं ती प्रुफं तपासत होती. तिच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात कोणी चूक दाखवली तर फोरमन स्वतः सगळ्यांना चहा पाजेल, अशी पैज होती, आणि एकतीस वर्षांत असा चहा तीनदाच झाला होता. चाळणीतून पीठ खाली जातं आणि वर कोंडा उरतो, हे नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. तिच्याही आलं नव्हतं.

तिची वाचायची रीत जगावेगळी होती. पानावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची आणि शेवटच्या ओळीपासून सुरुवात करायची. ती झाली की तिच्या वरची, मग तिच्याही वरची. पुस्तकही शेवटच्या पानापासून पहिल्याकडे. तिला काम शिकवणारे म्हातारे मुद्रितशोधक म्हणायचे, अर्थाच्या नादी लागलीस की मेलीस. अर्थ कळायला लागला की डोळा पुढे पळतो, आणि जे छापलेलंच नाही तेही त्याला दिसायला लागतं. उलटं वाचलं की अर्थ जवळ फिरकत नाही. एकदा तिने दोनशे पानांची रहस्यकथा तपासली. बांधणीतल्या बायका मागे लागल्या, सांगा ना, खून कोणी केला? ती म्हणाली, ते काही माहीत नाही, पण करताना त्याने सुरी एका पानावर उजव्या हातात धरली आहे आणि दुसऱ्यावर डाव्या. एवढ्यावर बायका आठवडाभर हसत होत्या, आणि तिलाही त्यात आपला मोठेपणाच वाटला.

आता मुद्द्याचं. तिला एक भाऊ होता, चार वर्षांनी मोठा. आई लहानपणीच गेली, वडील जाऊनही जमाना लोटला, तेव्हा माहेर म्हणजे दादा आणि वहिनी एवढंच. स्वतःचं लग्न वगैरे तिने केलं नव्हतं. दादा पाणीखात्यातून निवृत्त झाला आणि निवृत्त माणसांना जे होतं ते त्यालाही झालं, त्याने आत्मचरित्र लिहिलं. ते तिच्याच छापखान्यात छापायला दिलं. प्रुफांचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवताना तो म्हणाला होता, "नीट वाच. आणि मग काय ते मला सांग." ती म्हणाली होती, मी नीटच वाचते. अकरा दिवसांत तिने चारशे बारा खुणा करून गठ्ठा त्याच्या घरी पाठवून दिला.

त्यानंतर दादा बोलायचा बंद झाला. रविवारचा फोन थांबला. तिने केला तर वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, झोपलेत. दिवसाउजेडी अकरा वाजता झोपलेत. पुस्तक छापून झालं तेव्हा तिची प्रत टपालाने आली, आत एक अक्षर लिहिलेलं नाही. तिने मनाशी हिशेब मांडला की चारशे बारा चुका दादाला झोंबल्या. लेखक लोकांचं असंच असतं, चूक स्वतः करतात आणि राग दाखवणाऱ्यावर काढतात. उतरेल ताप आपोआप, म्हणून ती थांबली. सहा महिने झाले तरी ताप उतरेना, आणि आता तिलाही मनातून भीती वाटायला लागली होती. उरलेलं एकच माणूस असं निसटत असेल तर त्याचं कारण तरी कळायला हवं.

अशात एका मंगळवारी ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथले अहवाल त्यांच्याच छापखान्यात छापले जात, आणि तिथल्या एका तरुण संशोधक बाईंना दिवसभर वाचनाचंच काम करणारी माणसं हवी होती. वाचताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी कसे बोलतात ते त्या मोजत होत्या. फोरमनने अभिमानाने चाळणीचं नाव सुचवलं. आमच्याकडचा सगळ्यात चांगला वाचणारा मेंदू पाठवतोय, असंही फोनवर सांगितलं म्हणे.

खोली लहान होती, भिंतींना राखाडी गादीसारखं काहीतरी लावलेलं. तिच्या डोक्यावर त्यांनी रबरी टोपी चढवली. टोपीला बत्तीस भोकं, आणि प्रत्येक भोकात त्या थंडगार चिकट मलम सोडत होत्या. केस आजच धुतले होते याचं तिला वाईट वाटलं. हनुवटी एका खोबणीत टेकवायची, समोरच्या पडद्यावर गोष्टीचं पान येणार, पान संपलं की बटण दाबायचं. डोळे कुठे फिरतात ते एक छोटा कॅमेरा टिपणार. संशोधक बाई म्हणाल्या की परीक्षा वगैरे काही नाही, घरी वाचता तसंच वाचा. आणि दार लावून पलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या.

तिसऱ्या मिनिटाला त्या परत आल्या आणि कॅमेरा हलवून बघितला. पाचव्या मिनिटाला पुन्हा आल्या, त्याची तार काढून परत खोचली. सातव्याला त्यांनी विचारलंच, की ताई, तुम्ही पान खालून वर वाचताय का? कारण यंत्र उलटं बसलंय असं समजून मी मघापासून त्याच्याशी झगडतेय. ती म्हणाली, अर्थात खालून वर. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, बरं, हे पूर्ण करू, पण नंतर एकदा वरून खालीही वाचाल का? तिने तेही केलं. बारा पानांची गोष्ट दोनदा वाचून ती बाहेर आली आणि त्यांच्या हातात सात चुकांची यादी ठेवली. बाईंचे कान लाल झाले. गोष्ट त्यांनीच टाइप केली होती.

मग त्यांनी दहा प्रश्न विचारले. अगदी साधे. म्हातारा होडी का विकतो? मुलगी शेवटी कोणाबरोबर जाते? होडी होती हे चाळणीला आठवत होतं, कारण एके ठिकाणी होडीचं होडा झालं होतं. पण ती विकली? दहापैकी दोन उत्तरं बरोबर आली, त्यातलं एक अंदाजाने ठोकलेलं. अठराव्या वर्षानंतर नापास व्हायचा प्रसंग तिच्यावर आला नव्हता, आणि त्या शेवटच्या प्रसंगाबद्दल ती सहसा विचार करत नसे.

बाईंनी तिला पडद्यासमोर बसवलं आणि समजावून सांगितलं. अक्षरं ओळखणारा भाग मागे असतो, डाव्या कानाच्या मागच्या बाजूला म्हणा. शब्दांचा अर्थ लावणारे भाग कानशिलापाशी आणि कपाळाकडे. आणि आधी काय घडलं होतं, कोण कोणावर रागावलं होतं, हे सगळं धरून ठेवणारे आणखी भाग आत मधोमध. माणूस रमून वाचतो तेव्हा या सगळ्यांची ये-जा चालू असते. मागचा पुढच्याला अक्षरं देतो, पुढचा मागच्याला सांगतो की आता बहुधा हे येणार, मग मागच्याला प्रत्येक अक्षर निरखत बसावं लागत नाही. वेगवेगळ्या जागच्या लहरी एका तालात वरखाली होतात, त्यावरून कोण कोणाशी बोलतंय याचा अंदाज बांधता येतो. त्यांनी एक नोंद दाखवली. हा बसचा चालक आहे, म्हणाल्या, वर्षाला चार पुस्तकं वाचतो. त्याच्या नोंदीत रेषांचे घोळके सोबतीने चढत-उतरत होते. मग त्यांनी तिची नोंद लावली. मागचा भाग दोन माणसांचं काम एकटा करत होता. आतले भाग भिंतीला टेकून बसल्यासारखे शांत होते. वरून खाली वाचतानाही फारसा फरक नव्हता.

हा आजार नाही, बाई घाईने म्हणाल्या, ही सवय आहे. तुम्हीच इतकी वर्षं मेहनतीने लावून घेतलेली. मला तर अशी नोंद मिळाल्याचा आनंद झालाय. तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतही होता, आणि चाळणीला त्याचा राग आला.

"म्हणजे एकतीस वर्षांत मी जे वाचलं," तिने विचारलं, "ते वाचलंच नाही?"

तपासलंत, बाई म्हणाल्या. मग विचारलं की घरी आवड म्हणून शेवटचं काय वाचलं होतं? तिला आठवेना. वर्तमानपत्र ती रोज घ्यायची, पण हातात पेन्सिल घेऊन. पुढच्या मंगळवारी दुसरी बैठक होती आणि तिला घरचं पुस्तक आणायचं होतं, निदान पन्नास पानं आधी वाचलेली, पहिल्या पानापासून, पट्टी आणि पेन्सिल न घेता.

घरात पुस्तकं नव्हती असं नाही. कपाट भरलं होतं, पण सगळी तिनेच तपासलेली, आणि आता ती उघडायची म्हणजे जुनं ऑफिस उघडण्यासारखं. टपालाने आलेलं दादाचं पुस्तक तेवढं, एकदा पहिलं पान उघडून बघितल्यावर, तिने परत पाकिटात सारलं होतं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तिने ते काढलं आणि खिडकीपाशी बसली.

पहिली वीस पानं म्हणजे शिक्षाच होती. तिसऱ्या पानावर चूक सापडली, तीही तिच्याच नजरेतून सुटलेली. चौथ्या चहाची सोय झाली म्हणायची. उजवा हात पेन्सिलीकडे जायला लागला तेव्हा तिने तो चक्क मांडीखाली घेतला आणि त्यावर बसली. डोळा खालच्या ओळीकडे पळायचा, तिने तो ओढून वर आणायचा, असं चाललं होतं. मग कधीतरी, नक्की कुठे ते तिला सांगता आलं नसतं, दादाने जुन्या घराच्या मागच्या नळाबद्दल लिहिलं होतं, तो सोडल्यावर आधी कसा खाकरायचा आणि मग पाणी यायचं, आणि तिला तो नळ ऐकू आला. त्यापाठोपाठ वडिलांचा खोकला आला. तो पानावर अजून यायचा होता. पुढच्या पानावर आला. तिने मान वर केली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि ती सत्तराव्या पानावर होती.

पंचाहत्तराव्या पानावर ती अडखळली. दादाने लिहिलं होतं, त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि आम्हा दोघांपैकी एकालाच घराबाहेर जाता येणार होतं. मी गेलो. आणि लगेच पुढची ओळ, प्रशिक्षणाला आम्ही बावीस जण होतो. व्याकरण चोख होतं, चुकीचं अक्षर एकही नव्हतं. पण तिला वाटलं, जिन्याची एक पायरीच नाही. नळाच्या खाकरण्यावर अर्धं पान लिहिणारा माणूस इथे दोन शब्दांत कसा निघून जातो? तिने मागची पाच पानं पुन्हा वाचली. त्याने काहीतरी सांगायला घेतलं होतं हे स्पष्ट दिसत होतं, आणि सांगितलं नव्हतं.

सोमवारी ती छापखान्यात तासभर आधी गेली. जुनी प्रुफं वर्षभर जपून ठेवायची रीत होती, बांधणीमागच्या खोलीत सुतळीने बांधलेले गठ्ठे. दादाचा गठ्ठा तिसऱ्या फळीवर होता. पंचाहत्तरावं पान उघडलं आणि सगळा प्रकार तिला आठवला.

पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत छापतात. दादाचं पुस्तक अकरा फॉर्म आणि वर दीड पान इतकं भरलं होतं. दीड पानासाठी अख्खा बारावा फॉर्म लावायचा आणि उरलेली पानं कोरी सोडायची, हे फोरमनला पटेना. तो म्हणाला होता, दीड पान कुठून तरी काढता येतं का बघ. अशी कामं तिच्या हातचा मळ. नाव नाही, तारीख नाही, आकडा नाही, जिथे काढल्यावर मागचं वाक्य पुढच्याला जाऊन मिळेल असा मजकूर शोधायचा. तिला तो अर्ध्या तासात सापडला होता. समासात तिच्या टपोऱ्या अक्षरात लाल शाईने लिहिलं होतं, "हा मजकूर गाळल्यास पुस्तक अकरा फॉर्मांत बसेल. गाळल्याचं कळणार नाही. गाळावा?" आणि खाली दादाची पेन्सिल, "ठीक आहे. गाळावा."

त्या दीड पानावर तिने तिरकी रेघ मारली होती. त्याखालचा मजकूर ती उभ्यानेच वाचायला लागली, वरून खाली.

दादाने लिहिलं होतं की त्या वर्षी धाकटीने शिक्षिकांच्या महाविद्यालयासाठी प्रवेश परीक्षा दिली होती. ते महाविद्यालय दुसऱ्या गावात, राहायचं तिथेच. त्याचंही पाणीखात्याचं प्रशिक्षण दुसऱ्या गावात. दोघंही गेले तर वडिलांजवळ कोण? धाकटीचं पत्र आलं ते पोस्टमनने फाटकापाशी त्याच्या हातात दिलं. तिची निवड झाली होती. त्याने ते खिशात घातलं, आणि मुदत संपेपर्यंत रोज ठरवलं की आज सांगू. धाकटीला वाटलं आपण नापास झालो. ती छापखान्यात पानं दुमडायच्या कामाला लागली, आणि वडिलांचं सगळं तिनेच केलं. मी हे आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, असं त्याने शेवटी लिहिलं होतं. हे सगळ्यात आधी तीच वाचेल. तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून हे पुस्तक लिहिलं, बाकीचं सगळं याच्या आगेमागे भरलेलं आहे. ती काय म्हणेल ते मला मान्य.

चाळणी तिथल्या कागदाच्या थप्पीवर बसली. नापास. अठराव्या वर्षी जो शिक्का बसला त्याच्यावरच तिने सगळा जन्म रचला होता. इतरांच्या चुका शोधण्यात ती इतकी तरबेज का झाली, हे तिला आता कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. दादाचा तिला भयंकर राग आला. आणि तेवढ्यातच, त्या रागाच्या बरोबरीने, हेही कळलं की दादाने तिच्यासमोर मान खाली घालून सगळं कबूल केलं, आणि त्यावर तिचं उत्तर गेलं की हे गाळा, गाळल्याचं कळणार नाही.

फोरमन आला तेव्हा तिने त्याला अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. एकतीस वर्षांत तिने अशी रजा घेतली नव्हती, त्यामुळे त्याने कारण विचारलं नाही. ते दीड पान घडी करून पर्समध्ये घातलं आणि ती दादाकडे गेली.

दार वहिनींनी उघडलं. या वन्सं, म्हणाल्या, आणि आज कोणी झोपलेलं नव्हतं. दादा आतल्या खोलीत रेडिओचं झाकण उघडून बसला होता. तिला बघून त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. सहा महिन्यांत तो खूप वाळला होता. तिने पान त्याच्यासमोर पसरलं.

"हे मी सहा महिन्यांपूर्वी वाचलं नव्हतं," ती म्हणाली. "आज सकाळी पहिल्यांदा वाचलं."

दादाने पानाकडे बघितलं, मग तिच्याकडे. चारशे चुका काढल्यास, म्हणाला, आणि वाचलं नाहीस? तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, पट्टी, खालून वर, फॉर्मांचा हिशेब, विद्यापीठातली टोपी, बसचा चालक. तो ऐकत होता. त्याला पटत होतं की नाही ते कळत नव्हतं. वहिनी चहा घेऊन दारापाशी आल्या आणि तिथेच थबकल्या.

"मला वाटलं ते तुझं उत्तर," दादा शेवटी म्हणाला. "वाटलं, तुला हा विषयच नकोय. गाळलास की संपला. बरोबर आहे, म्हटलं, तिचा अधिकार आहे."

"माझं उत्तर तू अजून ऐकलेलं नाहीस."

मग ते त्याने ऐकलं. ती तासभर बोलली. वडिलांच्या पाठीच्या जखमा, पानं दुमडून सालटी निघालेली बोटं, मैत्रिणींच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकांशी बोलताना वाटायची ती लाज, सगळं काढलं. तू भित्रा होतास, म्हणाली, आणि अजून आहेस, पुस्तकाआड लपून सांगतोस. मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही तेही माहीत नाही. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. वहिनींनी गार झालेला चहा परत नेला.

बोलून बोलून ती थकली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पत्र कुठंय ते?" तिने विचारलं.

जाळलं, दादा म्हणाला. कामावर रुजू झाल्याच्या दिवशी.

"काय लिहिलं होतं त्यात?"

दादाने घसा साफ केला, आणि एकेचाळीस वर्षांपूर्वी जाळलेलं पत्र म्हणायला लागला. जावक क्रमांक, तारीख, मग तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आपणांस कळविण्यात आनंद होतो की प्रवेश परीक्षेत आपला क्रमांक चौथा आला असून आपली निवड करण्यात आली आहे. सोबत एक गादी, दोन चादरी व शाळा सोडल्याचा दाखला आणावा. अठ्ठावीस तारखेला सकाळी दहा वाजता हजर राहावे. आपली विश्वासू, आणि प्राचार्यांची सही वाचता येत नव्हती.

ती डोळे मिटून ऐकत होती. चौथा, ती मनाशी म्हणाली. दोनशे मुली बसल्या होत्या त्या परीक्षेला.

"पुन्हा म्हण," ती दादाला म्हणाली.

त्याने पुन्हा जावक क्रमांकापासून सुरुवात केली.